इंटरव्हलनंतरची बकरी

आनंदा कारखान्यात मालाची क्वालिटी तपासायला होता आणि घरी आल्यावरही त्याची ड्युटी काही संपत नसे. भाजीतलं मीठ, जिन्याची पायरी, शेजाऱ्यांच्या पत्रिकेवरचा गणपती, काहीही त्याच्या नजरेखालून सुखासुखी पास होत नसे. सगळ्या आयुष्यात एकच गोष्ट त्यानं एका फटक्यात पास केली होती, ती म्हणजे मुलीनं, प्रतीक्षानं, स्वतः पसंत केलेला स्वराज. पोरगा त्याला इतका आवडला होता की त्याचं त्यालाच नवल वाटत होतं.

स्वराजचे आईवडील उमरोळीहून बोईसरला बोलणी करायला येणार, त्या दिवशी बायकोनं, अर्चनानं, सकाळीच दम भरला.

"अहो, आज एकसुद्धा चूक काढायची नाही. पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे."

"मी कशाला काढतोय?" आनंदा म्हणाला. "तेवढा तो पडदा मात्र वाकडा लागलाय."

पाहुणे अजून आले नव्हते, म्हणून अर्चनानं ते धरलं नाही.

पाहुणे आले. स्वराजचे वडील प्रदीप मोकळ्या मनाचे, आई हेतल त्याहून मोकळी. पोहे उडाले, चहा झाला, आता फक्त तारीख ठरायची राहिली होती. तेवढ्यात प्रदीप म्हणाले, "हळदीला दारात मोठा पडदा लावायचा आन 'उसना जावई' सिनेमा दाखवायचा. त्याच्याबिगर आमच्या घरात शुभकार्य व्हत नाय. या स्वराजच्या बारशालापन दाखवला व्हता."

आनंदानं कान टवकारले. 'उसना जावई' त्यानं नोकरीला लागला त्या वर्षी कॉलनीच्या गणपतीत पाहिला होता आणि तिथल्या तिथं रिजेक्ट केला होता. एकदा रिजेक्ट केलेला माल तो पुन्हा हातात घेत नसे. पण त्या सिनेमातल्या चुका मात्र तीस वर्षं त्यानं कँटीनमध्ये ज्याला त्याला ऐकवल्या होत्या.

अर्चनानं चपळाईनं लाडवांची बशी त्याच्यापुढे सरकवली. त्यानं एक अख्खा लाडू तोंडात कोंबला. पण लाडू तो किती वेळ पुरणार!

"सिनेमा तसा बरा आहे," लाडू संपताच तो म्हणाला, "पण चुका फार."

प्रदीपनी कप खाली ठेवला. "चुका? कंच्या चुका?"

"इंटरव्हलपर्यंत हिरोला ही एवढी मिशी. इंटरव्हल झाला की गुळगुळीत! न्हाव्याकडं गेलेला तरी दाखवायचा की नाही?"

"मिशी शेवटपर्यंत हाय."

"अन् ती पोरगी? आधी तिच्या मागं झाडाभोवती पळतोय, अन् नंतर तिच्याचकडनं राखी बांधून घेतोय!"

"अगो बाय!" हेतलनं पदर तोंडाला लावला.

"अन् बकरी कुठनं येते, सांगा! पहिल्या भागात बकरीचा पत्ता नाही, अन् दुसऱ्या भागात सगळं घर तिच्या मागं धावतंय."

"त्या सिनेमात बकरीच नाय!" प्रदीप उठून उभे राहिले. "हा सिनेमा बगून आमचं दोगांचं जमलं, आन तुमी त्याच्यात राख्या बांदता? ज्या घरात 'उसना जावई'ला नावं ठेवतात, तितं आमचं कसं जुळायचं?"

स्वराजनं प्रतीक्षाकडे पाहिलं. अर्चनाचं तोंड पांढरं पडलं. आनंदाला जीभ चावावीशी वाटली, पण त्याचाही नाइलाज होता. मिशी गेलेली त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

"बाबा, काका, दोघंही बसा," प्रतीक्षानं रिमोट उचलला. "सिनेमाच लावते."

सिनेमा सुरू झाला आणि आनंदा खुलला. "आता हा घसरणार... आता सासरा आत येणार." सगळं जसंच्या तसं होत होतं. इंटरव्हल आल्यावर तो सरसावून बसला. "आता मिशीकडं बघा."

सगळे मिशीकडे बघत बसले. मिशी हलली नाही. हिरो विहिरीत पडला, मिशीसकट वर आला. पोरगी आली, पण तिच्या हातात राखी नव्हती, वरमाला होती. आनंदा आता पार टीव्हीपाशी जाऊन अंगणाचे कोपरे न्याहाळू लागला, पण बकरी काही येईना. त्याला दरदरून घाम फुटला.

"बकरीवाला सिनेमा येगला," प्रदीप हळूच म्हणाले. "हिरो तोच, हिरॉईन तीच, पन त्याच्यात ती भाऊ-भैन हायत. त्याच्यात मिशी नाय."

तेव्हा कुठे आनंदाच्या डोक्यात उजेड पडला. त्या दिवशी त्याची सेकंड शिफ्ट होती, म्हणून तो इंटरव्हलला उठून कारखान्यात गेला होता. दुसऱ्या दिवशी पाळी बदलली. फर्स्ट शिफ्ट करून परतला, तेव्हा मांडवात नुकताच इंटरव्हल संपला होता, पडद्यावर तोच हिरो होता, आणि हा बसला तो थेट शेवटपर्यंत.

"म्हणजे मंडळानं उरलेला अर्धा सिनेमा तुमच्यासाठी झाकून ठेवला होता होय?" अर्चनानं विचारलं.

"मला वाटलं," आनंदा पुटपुटला, "एका पाळीत राहिलेलं काम दुसरी पाळी पुढं नेते, तसंच असंल."

आधी हेतल हसली. मग प्रदीप असे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. "तीस वरसं!" ते डोळे पुसत म्हणत होते, "तीस वरसं बकरी शोदताय!" प्रतीक्षा पोट धरून हसत होती. आनंदाला लाज वाटली, पण त्याहून जास्त बरं वाटलं. पोरगी हसतेय ना, मग खुशाल आपल्याला हसू दे.

शेवटचा लग्नाचा सीन आला. अंतरपाट धरला तेव्हा हिरोच्या कपाळावर मुंडावळ्या होत्या. अंतरपाट खाली आला, मुंडावळ्या गायब! वरमाला पडली, मुंडावळ्या परत जागेवर!

आनंदाच्या अंगावर काटा आला. तो तोंड उघडणार, तोच अर्चनानं त्याला असा चिमटा काढला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कसा वाटला?" प्रदीपनी विचारलं.

आनंदानं डोळे पुसले. "पास," तो म्हणाला. "एकदम पास."

हळदीच्या पडद्याचं ठरलं, हसण्याच्या नादात तारीख तेवढी राहून गेली. निघताना बायका आणि पोरं पुढे खाली उतरली. प्रदीप मात्र दारात चप्पल शोधत रेंगाळले. चप्पल त्यांच्या पायातच होती. त्यांनी जिन्यात डोकावून पाहिलं आणि आनंदाच्या कानाशी तोंड नेलं.

"व्याहीबुवा, मुंडावल्या बगितल्या?"

आनंदानं त्यांचा हात गच्च धरला. "बघितल्या! अंतरपाटाच्या आधी होत्या, अन्—"

"हलू बोला! एवढी वरसं मनात ठेवलंय, घरात बोलायची चोरी. सासऱ्याचा चष्मापन बगितला?"

"चष्मा? त्याला काय झालं?" आनंदा अधीरपणे म्हणाला.

"अहो, काय चाललंय वर?" खालून अर्चनानं हाक मारली.

"तारीख ठरवतोय!" दोघंही एका सुरात ओरडले.