कोपराएवढा ओटा

हेडक्लार्कसाहेबांनी ठरवलं होतं इतकंच, की निवृत्तीनंतर बायकोला वाकू द्यायचं नाही. घरातला ओटा बुटका, त्यावर वाकून वाकून बाईंची पाठ कामातून गेलेली. म्हणून गाडीमागे जोडून फिरायला न्यायचा ट्रेलर त्यांनी अंगणात स्वतःच बांधायला घेतला. आत दोघांपुरती गादी, आणि मागचं झाकण उचललं की स्वयंपाकघर. तिथला ओटा मात्र अगदी तिच्या कोपराएवढा हवा. (ऑफिसात साहेबांना पेन्सिलीला धड टोक काढता येत नसे, पण ते जाऊ द्या.)

गुपित फुटायला नको होतं. एके सकाळी टेप घेऊन ते तिच्या बाजूला उकिडवे बसले.

"हे काय चाललंय?"

"माप घेतोय. स्वेटर आणायचाय तुला."

"कोपरापासून जमिनीपर्यंत?"

"लांब फॅशन आहे सध्या."

बाई हसल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याचं खूळ पुरं होऊ द्यायची त्यांना सवय झाली होती.

साहेबांनी प्लायवूड कापलं, चुकलं म्हणून पुन्हा कापलं. कपाटांना पिस्ता रंग दिला. तो मिशीलाही बराच लागला. बशा घसरू नयेत म्हणून फळ्यांना पुढे पट्ट्या ठोकल्या. आणि ओट्याची जमिनीपासूनची उंची रोज मोजली. तसूभर फरक नव्हता.

शेवटी वेल्डर चाकांचा सांगाडा घेऊन आला. शेजाऱ्यांना हाताशी घेऊन ट्रेलरचं खोकं जमिनीवरून उचलून त्यावर चढवलं, बोल्ट आवळले. साहेबांनी बायकोला डोळे मिटायला लावून मागे आणलं आणि झाकण उचललं.

बाईंनी डोळे उघडले. ओटा त्यांच्या खांद्याला लागत होता.

साहेबांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग ओट्याकडे, आणि शेवटी चाकांकडे.

"तुझ्या पाठीसाठी केला होता गं," ते कसेबसे म्हणाले.

पोहोचला तेवढा हात बाईंनी ओट्यावरून फिरवला. मग खुर्ची ओढून त्या ऐसपैस बसल्या.

"वाचली की माझी पाठ! तुम्ही चांगले उंच आहात. करा चहा."

साहेबांनी आयुष्यातला पहिला चहा केला. बाई डोळे पुसत तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या. "छान झालाय हो," म्हणाल्या. साहेबांची छाती फुगली.

वेल्डरने एक घोट घेतला, कप हळूच खाली ठेवला आणि पाना उचलला.

"साहेब, चाकं काढू का?"