पहिला नंबर टकल्याचा

जगातला सर्वांत भारी फुटबॉल मॅनेजर कोण, हा प्रश्न प्रेमराज बोरसेने गुरुवारी सकाळी दाढी करता करता कायमचा निकालात काढला.

प्रेमराज जळगावात तापीकाठ बियाणे कंपनीच्या ऑफिसात हिशेब बघायचा. आयुष्यात त्याने कधी फुटबॉलला पाय लावलेला नव्हता. कॉलेजात एकदा फुटबॉलच त्याला लागला होता, तेव्हा चष्मा फुटला. पण टीव्हीवरचा एकही मोठा सामना तो सोडत नसे. त्यातही त्याचं लक्ष खेळाडूंकडे नसायचंच. त्याला आवडायचे ते मॅनेजर. मैदानाच्या कडेला कोट घालून उभं राहायचं, कोणाला खेळवायचं, कोणाला बसवायचं ते ठरवायचं, आणि अंगाला माती न लावता कप घरी न्यायचा! या मॅनेजरांचे नंबर लावणं हा त्याचा छंद होता, आणि त्या नंबरांवरून गल्लीतल्या गादीवाल्या नासीरभाईशी भांडणं ही त्याची करमणूक.

गालाला साबण तसाच ठेवून त्याने मोबाइल उचलला आणि नासीरभाईला आवाजी निरोप धाडला.

"भाई, ऐका. मॅनेजरांचे नंबर पक्के झाले. पहिला नंबर टकल्याचा. जगात त्याच्यासारखा दुसरा नाही. नुसता डोकं खाजवत उभा राहतो आणि समोरच्याचा खेळ खल्लास! दोन नंबर तो भुवईवाला म्हातारा. काही करत नाही हो. काम बाकीचे करतात, हा तोंडात चघळत एक भुवई वर करतो, बस. तरी नशीब बघा, सगळं श्रेय त्याला. बाकीच्यांना मी मोजतच नाही."

निरोप गेला, प्रेमराजची दाढी झाली, चहा आला. तेवढ्यात खिडकीतून नासीरभाईचा आवाज आला, "काय प्रेमभाई, आज नंबर आले नाहीत?"

"पाठवले ना मघाशीच!"

"माझ्याकडे नाही आले. कोणाला पाठवले मग?"

प्रेमराजने मोबाइल पाहिला आणि त्याच्या हातातला चहा बशीत सांडला. तो निरोप पाठवायला बोट टेकवत होता, नेमक्या त्याच क्षणी ऑफिसातल्या सुलक्षणा मॅडमनी गुलाबाच्या फुलासकट 'शुभ सकाळ' टाकली होती. त्यामुळे ऑफिसचा ग्रुप उडी मारून वर आला होता आणि नासीरभाई खाली गेला होता. जगातल्या मॅनेजरांची क्रमवारी 'तापीकाठ परिवार' या ग्रुपवर जाऊन पडली होती. जळगाव आणि धुळे, दोन्ही डेपोंचा सगळा स्टाफ त्यात होता.

त्याने घाईघाईने निरोप पुसला. पुसताना मोबाइलने विचारलं, सगळ्यांसाठी की फक्त तुमच्यासाठी? प्रेमराजने 'फक्त माझ्यासाठी' दाबलं. आता तो निरोप जगात सगळ्यांकडे होता, फक्त प्रेमराजकडे नव्हता.

"काय व्हयनं?" त्याच्या बायकोने, कोकिळाने, स्वयंपाकघरातून विचारलं.

"काही नाही," प्रेमराज म्हणाला. "बहुतेक नोकरी गेली."

यातली खरी गोम अशी, की निरोपात 'फुटबॉल' हा शब्द कुठेच नव्हता. नासीरभाईशी बोलताना तो लागतच नसे. आणि जळगाव डेपोचे मॅनेजर हिलालसाहेब पूर्ण टकले होते. धुळे डेपोचे मॅनेजर नवलसाहेब निवृत्तीला आलेले होते, दिवसभर बडीशेप चघळत, आणि देवाने त्यांची डावी भुवई उजवीपेक्षा बोटभर वर बसवली होती.

ऑफिसात पाय ठेवताच केबिनमधून बोलावणं आलं. प्रेमराज आत गेला तेव्हा हिलालसाहेबांसमोर दोन कप चहा होता. दुसरा त्याच्यासाठी!

"बसा, बोरसे," साहेब प्रेमाने म्हणाले. "शब्द जरा मोकळा वापरलात. 'टकला' नको होतं. पण भावना पोचली. जगात दुसरा नाही, असं आजवर मला कोणी म्हटलं नव्हतं. मी लगेच सासरवाडीला पाठवलं, मुक्ताईनगरला."

आता गप्प बसला असता तर प्रेमराज सुटला असता. पण तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. साहेबांनी स्पीकर सुरू केला.

"हिलालराव!" पलीकडून नवलसाहेब गरजले. "कोण तो तुमचा बोरसे? मी काही करत नाही? नुसती भुवई वर करतो? अहो, ती जन्मापासून वर आहे! त्याची बदली धुळ्याला करा. माझ्या हाताखाली येऊ द्या, मग दाखवतो मी काय काय करतो ते!"

बदली म्हटल्यावर प्रेमराजच्या डोळ्यांपुढे कोकिळा उभी राहिली. तिचा केळीच्या वेफर्सचा धंदा आत्ता कुठे जमला होता. परसात मोठी भट्टी घातली होती, दोन बाया कामाला होत्या, दीपनगरच्या वसाहतीतून बांधलेलं गिऱ्हाईक होतं. ते सगळं उचलून धुळ्याला कसं न्यायचं?

"साहेब, गैरसमज होतोय," तो घाईने म्हणाला. "ते मॅनेजर फुटबॉलचे! तुमच्याबद्दल एक अक्षर नाही. दोघांबद्दलही नाही!"

फोनमधलं बडीशेप चघळणं थांबलं.

"म्हणजे," हिलालसाहेबांनी हळूच विचारलं, "तो टकला मी नाही?"

"नाही साहेब. तो स्पेनचा आहे."

साहेबांनी प्रेमराजपुढचा चहा स्वतःकडे ओढला. एका क्षणात एकाचे दोन शत्रू झाले. नंबर लावला म्हणून एक चिडला होता, लावला नाही म्हणून दुसरा.

"फुटबॉल म्हणे!" फोनमधून नवलसाहेब हसले. "एवढं कळतं तर कंपनीच्या वार्षिक मेळाव्यात दाखवा की. यंदा क्रिकेट नको, फुटबॉल ठेवू. जळगाव विरुद्ध धुळे, आणि जळगावचा मॅनेजर हा बोरसे. जिंकला तर मी विषय सोडला. हरला तर बॅग भरून धुळ्याला यायचं."

"मान्य," हिलालसाहेब म्हणाले, प्रेमराजला न विचारता. "आणि बोरसे, संघात मी पुढे खेळणार. दहा नंबरची जर्सी माझी."

कोकिळाने घरी सगळं ऐकून घेतलं आणि भट्टीवरची कढई झाऱ्याने ठणकावली. "मी काही येवाव नही. मनी कढई जळगावमा शे, मी जळगावमा शे. तुम्हले जानं व्हई तर जा."

त्या दिवसापासून प्रेमराजच्या घरी युद्धाची तयारी सुरू झाली. जेवणाच्या टेबलावर वेफर्स मांडून तो आणि नासीरभाई डाव रचू लागले. "हे दोन मागे. हे तीन मध्ये, पण चेंडू आला की यातला एक आत सरकणार. म्हणजे समोरचा गोंधळणार."

"मियाँ, मध्ये तर दोनच आहेत."

"तिसरा कुठे गेला?"

नासीरभाई खाली बघून चावत होता.

संध्याकाळी गोदामामागे सराव चाले. कोणाच्या पायात चप्पल, कोणाच्या पोटात भजी. त्यातल्या त्यात आशा होती ती दोघांची. एक चिंधा हमाल. ट्रकवरून फेकलेलं बियाण्याचं पोतं तो हवेतच झेलायचा, त्याला चेंडू म्हणजे लिंबू वाटे. त्याला गोलमध्ये उभा केला. दुसऱ्या सुलक्षणा मॅडम. आपल्या 'शुभ सकाळ'मुळे हे घडलं म्हणून त्या स्वतःच आल्या होत्या, आणि त्या पळायला लागल्या की पुरुष कमरेवर हात ठेवून बघत राहत. पण दहा नंबर साहेबांनी अडवून ठेवला होता, म्हणून मॅडमना राखीव ठेवावं लागलं.

मेळावा सोनगीरला होता. किल्ल्याच्या पायथ्याशी कंपनीचा हरभऱ्याचा प्लॉट नुकताच मोकळा झाला होता, तिथे चुन्याच्या रेघा मारून मैदान आखलं होतं. रेफरी म्हणून गावातल्या शाळेचे खेळाचे सर आले होते. कोकिळा वेफर्सची पोती घेऊन आली होती. नवरा हरला तरी माल खपायला हवा, असा तिचा हिशेब होता.

प्रेमराज भर उन्हात लग्नातला कोट घालून कडेला उभा राहिला. मॅनेजरने करायचं ते सगळं त्याने केलं. डोकं खाजवलं. भुवई वर केली. हवेत हात फिरवून अशा खुणा केल्या, की पलीकडच्या रस्त्यावरचा एक रिक्षावाला थांबून "कुठे जायचंय?" म्हणून विचारून गेला. मैदानात मात्र भलतंच चाललं होतं. जळगावच्या ज्याच्या पायाशी चेंडू येई तो मान वर करून आधी साहेबांना शोधी आणि अदबीने चेंडू त्यांच्याकडे देई. साहेब तो थांबवत, भोवती बघत, आणि धुळेकर येऊन सहज घेऊन जात. चिंधाने झेलता येतील तेवढे झेलले, तरी हाफटाइमला धुळे दोन गोलांनी पुढे होतं.

"बोरसे, मला पास नीट मिळत नाहीत," हिलालसाहेब घाम पुसत म्हणाले आणि लिंबूपाण्याकडे गेले.

प्रेमराज कोकिळाशेजारी मटकन बसला. "संपलं. धुळ्याला घर बघावं लागेल."

कोकिळाने गिऱ्हाइकाला पुडा दिला आणि त्याच्याकडे वळली. "घरमा सोफावर बसीसन टीव्हीमधला त्या गोरासवर वरडतस ना, 'काढ त्याले, काढ त्याले!' मंग आते काढा ना."

"अगं, ते साहेब आहेत!"

"मैदानमा मॅनेजर कोन शे? तुम्ही का ते?"

प्रेमराज उठला. मग कोट काढून त्याने तिच्या पोत्यावर टाकला. इतकी वर्षं तो ज्यांचे नंबर लावत आला, त्यांच्यात आणि आपल्यात काय फरक आहे, ते त्याला पहिल्यांदाच स्वच्छ दिसलं. डाव तर त्यालाही सुचत होते. पण नाव मोठं असलेल्या माणसाला 'तू बस' म्हणायला जिगर लागते.

शिट्टी वाजायच्या आधी तो रेफरीकडे गेला. "सर, बदली."

"कोणाची?"

"साहेबांची."

हे शब्द ऐकून दोन्ही डेपोंचा स्टाफ खायचा थांबला. हिलालसाहेब दहा नंबरची घट्ट जर्सी ओढत समोर आले. "बोरसे, काय म्हणालात?"

प्रेमराजने मैदानाबाहेर बोट दाखवलं. "साहेब, तुम्ही बसा. मॅडम, तुम्ही चला."

साहेबांचं टक्कल लाल झालं. ते काहीतरी बोलणार होते, पण नासीरभाईने पुढे होऊन त्यांना खुर्ची दिली, वेफर्सचा पुडा दिला, आणि म्हणाला, "साहेब, आराम करा. मोठ्या खेळाडूला विश्रांती देतात." साहेब बसले.

प्रेमराजने संघाला गोळा केलं. सगळे वेफर्सचे डाव तो विसरला. "एवढंच करा. चेंडू आला की मॅडमना द्या. आणि मॅडम, तुम्ही नवलसाहेबांच्या बाजूने घुसा."

नवलसाहेब धुळ्याच्या गोलसमोर बचावाला उभे होते. उभे म्हणजे अक्षरशः उभे. आणि धुळ्याच्या संघात त्यांना 'साहेब, बाजूला व्हा' म्हणणारा कोणी नव्हता. सुलक्षणा मॅडम चेंडू घेऊन थेट त्यांच्याकडे धावत आल्या, साहेबांनी भुवई वर केली, आणि ती खाली यायच्या आत मॅडम मागे पोचून गोल करून मोकळ्या झाल्या होत्या. धुळ्याचे दोघे मदतीला धावत आले होते, पण साहेबांना धक्का कसा लावायचा म्हणून अलीकडेच थांबले. थोड्या वेळाने त्याच वाटेने दुसरा गोल झाला. किल्ल्याखाली एवढा आरडाओरडा उठला, की सोनगीर गावातली माणसं बघायला आली आणि कोकिळाचं पहिलं पोतं रिकामं झालं.

"अरे, मारा! मारा!" कोणीतरी कडेला वेड्यासारखं नाचत होतं. प्रेमराजने वळून पाहिलं, तर हिलालसाहेब. वेफर्सचा पुडा हवेत गरगर फिरवत ते ओरडत होते, "मॅडम, भुवईकडून! भुवईकडून जा!"

सामना संपत आला तेव्हा धुळ्याच्या एकाने जळगावच्या गोलवर अशी काही लाथ मारली, की प्रेमराजने डोळेच मिटून घेतले. उघडले तेव्हा चेंडू चिंधाच्या छातीशी होता. त्याने तो पोतं फेकावं तसा अर्ध्या मैदानापलीकडे भिरकावला. मॅडम धावल्या. नवलसाहेब या वेळी मोठ्या हुशारीने दोन पावलं डावीकडे सरकले आणि नेमके आपल्याच गोलकीपरच्या पायात गेले. दोघेही आडवे. मॅडमनी चेंडू सावकाश, सांभाळून, झोपलेल्या बाळाला पाळण्यात ठेवावं तसा गोलमध्ये ठेवला.

शिट्टी वाजली. जळगाव जिंकलं होतं.

सगळ्यांनी प्रेमराजला खांद्यावर घेतलं. चिंधा एका बाजूला, नासीरभाई दुसऱ्या. वरून त्याला अख्खा प्लॉट दिसत होता, हायवे दिसत होता, किल्ला दिसत होता, आणि रिकामी पोती घडी करून ठेवणारी कोकिळा दिसत होती. तिने मान वर करून पाहिलं आणि हसली. आयुष्यात हा माणूस एवढा उंच कधी दिसला नव्हता.

नवलसाहेब कपडे झाडत आले. प्रेमराजला खाली उतरवण्यात आलं.

"हिलालराव," ते म्हणाले, "मी शब्द पाळतो. विषय सोडला. आणि हा माणूस उद्या फुकट दिलात तरी मला धुळ्याला नको. स्वतःच्या साहेबाला भर मेळाव्यात बसवणारा माणूस! माझ्याकडे आला तर आठवड्यात माझ्याच खुर्चीवरून मला उठवेल."

परतीच्या बसमध्ये गाणी झाली, टाळ्या झाल्या, सुलक्षणा मॅडमच्या गळ्यात हरभऱ्याच्या डहाळ्यांचा हार पडला. हिलालसाहेब पुढच्या सीटवर अजून जर्सीतच होते. विजयाने त्यांचा राग कुठल्या कुठे पळाला होता. ते मागे वळून मोठ्यांदा म्हणाले, "पण बोरसे, खरं सांगा. दुसऱ्या हाफमध्ये मीच असतो, तर आणखी दोन गोल झाले असते की नाही?"

मागचं गाणं अर्ध्यावर थांबलं. सगळ्यांच्या माना प्रेमराजकडे वळल्या. गेली कित्येक वर्षं साहेबांच्या केबिनमधल्या प्रत्येक प्रश्नाला त्याने एकच उत्तर दिलं होतं, 'होय साहेब'. त्याने चष्मा काढला, सावकाश पुसला, परत डोळ्यांवर चढवला.

"नाही साहेब," तो म्हणाला.

सगळ्यांत आधी हसले ते हिलालसाहेबच.