कॉइल जळेपर्यंत

व्हेपची, म्हणजे त्या विजेवरच्या सिगारेटची, आतली वाफ काढणारी कॉइल कशी टिकवावी, हे मला विचारा! लोक आठ-पंधरा दिवसांत कॉइल जाळतात आणि कारखान्याच्या नावाने खडे फोडतात. मी ईस्टरला बसवलेली कॉइल नाताळचे कॅरल ऐकूनच जाईल, असं छातीठोकपणे सांगत होतो.

अर्थात विद्या माझी नव्हे, डॉमनिकची. हमद पोर्टवरच्या आमच्या ऑफिसात तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. कॉइलच्या बाबतीत तो साक्षात धन्वंतरी!

"फ्लॉइड, नवी कॉइल बसवली की लगेच बटण दाबायचं नाही. आतला कापूस आधी लिक्विड पिऊ दे. कोरडा कापूस पेटला की खलास! पॉवर कमी ठेव. गोड फ्लेवर घेऊ नकोस, त्याचा थर बसतो. आणि दोन झुरक्यांच्या मध्ये जरा दम घे रे, कॉइल काय पळून जात नाही!"

केवढा अभ्यास! केवढा संयम! माणूस लग्नसुद्धा इतकं सांभाळून करत नाही.

मला ही विद्या हवी होती ती बायकोमुळे. इथे कतारमध्ये हा माल विकायला बंदी, आणि माझ्याजवळ उरलेली ती शेवटची कॉइल. लवीना दातांच्या दवाखान्यात नर्स आहे. तिने मला एक दिवस समोर बसवलं.

"ही कॉइल जळली की व्हेप कचऱ्यात. कबूल?"

"कबूल!"

बिचारीला वाटलं, चार दिवसांचा प्रश्न आहे. डॉमनिक तिच्या हिशेबात नव्हता!

पण दिवाळीच्या सुमारास झुरक्याला करपट वास येऊ लागला. मी धावत गुरूकडे गेलो.

"घाबरू नकोस," डॉमनिक म्हणाला. "गरम पाण्याने धू, थोडा वेळ व्हिनेगरमध्ये ठेव, परत धू आणि खडखडीत वाळव. नव्यासारखी होईल, इन्शाल्ला!"

व्हिनेगर घरात होतंच. माझ्या सासूबाई, कार्मिनमम्मी, वसईहून आल्या होत्या. येताना घरचं व्हिनेगर टॉवेलात गुंडाळून लेकरासारखं आणलं होतं. शुक्रवारी सकाळी मी त्यातलंच वाटीभर घेतलं, त्यात कॉइल सोडली आणि डॉमनिकला जेवायला आणायला गेलो.

परत आलो तर वाटी घासूनपुसून पालथी!

"मम्मी, यातलं व्हिनेगर?"

"लवीनाने मसाला भिजत ठेवलेला ना? विंदालूत घातला."

"सगळा?"

"सगळाच! तळाला एक मसाला वेलची होती, तीपण."

मम्मींचा चष्मा फ्रिजवर होता.

मी पातेल्यावर झडप घातली. डाव खाली-वर, वर-खाली! मटण सापडलं, लवंग सापडली, कॉइल काही सापडेना. एवढ्यात लवीनाने पातेलं टेबलावर नेलं. मी डाव सोडलाच नाही. प्रत्येकाला मीच वाढायला लागलो.

"जावई असावा तर असा!" मम्मी कौतुकाने म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी कधी पाण्याचा पेला उचलला नाही!"

कट्!

आवाज डॉमनिकच्या तोंडातून आला. त्याने बोटांनी काहीतरी बाहेर काढलं, क्षणभर पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. ओळखली त्याने! ग्रेव्हीने माखलेली असतानाही ओळखली! काय नजर!

"माझी दाताची कॅप निघाली," तो शांतपणे म्हणाला आणि मूठ मिटली.

मला गहिवरून आलं. असा मित्र शोधून सापडायचा नाही. पण दवाखान्यातल्या नर्ससमोर त्याने दाताची सबब काढली होती!

"बघू," लवीना उठली.

"नको वहिनी, जेवा तुम्ही."

"अहो, मी रोज हेच बघते. आ करा!"

मोबाइलचा टॉर्च लागला. डॉमनिकने आ केला.

"कुठली कॅप? सगळे दात तर तुमचेच आहेत!"

"मागची. फार मागची."

"त्याच्या मागे घसा आहे, डॉमनिकभाऊ!"

तिने त्याची मूठ उघडली. मम्मींनी चष्मा आणून लावला आणि छातीवर क्रुसाची खूण केली. "अरे देवा, ही वेलची नाही!"

लवीनाने आधी सगळ्यांची ताटं ओढून घेतली. पातेलंभर विंदालू कचऱ्यात गेलं. मम्मी त्या पातेल्याकडे बघवेना म्हणून बाल्कनीत जाऊन बसल्या. मी माझ्या शिक्षेची वाट बघत उभा होतो.

"जळली का कॉइल?" लवीनाने विचारलं.

"नाही अजून."

"मग करार म्हणजे करार. फेकायची नाही."

मी थक्क! एवढ्या मोठ्या मनाची बायको किती जणांना मिळते? तिने स्वतः ती कॉइल गरम पाण्याने धुतली, खिडकीत उन्हात वाळवली आणि रविवारी माझ्या हातात ठेवली. अगदी नव्यासारखी चकाकत होती!

मी डॉमनिकच्या शास्त्राप्रमाणे कापूस भिजू दिला, पॉवर कमी ठेवली आणि बटण दाबलं.

आधी लसूण आला. मागोमाग दालचिनी. मग वसईची मिरची थेट मेंदूत! डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, खोकून खोकून कंबर लचकली. खोलीभर विंदालूचे ढग!

"यल्ला, चल, ओढ ना," लवीना पंखा लावत म्हणाली. "जळेपर्यंत ओढायची, असंच ठरलंय."

नाताळ यायच्या आत मी स्वतःच्या हाताने व्हेप कचऱ्यात टाकलं. ऑफिसात डॉमनिकने हळूच विचारलं, "कॉइल कशी आहे?"

"ठणठणीत!" मी म्हणालो. "तीच टिकली रे. मी नाही टिकलो."