औषध न देणाऱ्या डॉक्टर

सोसायटीचे सेक्रेटरी गावडे गच्चीवरच्या बांबूची तक्रार घेऊन सुजाताताईंच्या दारात गेले, तेव्हा ताईंनी त्यांच्या तोंडासमोर एक काचेची बशी धरली आणि म्हणाल्या, "सोडा श्वास. जोरात. लाजू नका."

गावडे मालवणचे. भांडायला निघालेला मालवणी माणूस सहसा अर्ध्यावरून परतत नाही. पण समोर डॉक्टरबाई म्हटल्यावर त्यांनी निमूट फुंकर मारली. पुढच्या आठवड्यात ताईंनी त्यांना जिन्यातच गाठलं. "गावडे, तुमच्या बशीत वावगं काही वाढलं नाही. आक्कापेक्षा तुमचा श्वास बरा."

"ही आक्का कोण?" गावड्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं.

"डॉल्फिन," मी म्हटलं.

तेव्हापासून ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात, "माझो श्वास डॉल्फिनापेक्षा बरो आसा!" बांबूची तक्रार जी बारगळली, ती बारगळलीच.

बोरिवलीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ताईंचं दार माझ्या दारासमोर. त्या डॉक्टर आहेत, पण औषध देणाऱ्या नव्हेत, जंतू शोधणाऱ्या. आपल्या किनाऱ्यालगत डॉल्फिन राहतात, त्यांना कसली लागण होते आणि त्यांचं अंग तिच्याशी कसं झुंजतं, हे त्या तपासतात. डॉल्फिन श्वास घ्यायला वर आला की डोक्यावरच्या नाकपुडीतून फवारा उडवतो. होडीतून लांब बांबू पुढे करायचा आणि त्याच्या टोकाला बांधलेल्या बशीत तो फवारा झेलायचा. बहुतेक वेळा बशी कोरडीच परत येते. म्हणून गच्चीवर सराव. कपडे वाळत घालायला गेलेल्या बायका वाकून वाकून जातात.

ताई मूळच्या परभणीकडच्या, टँकरच्या रांगेत वाढलेल्या. "परभणीची बाई समुद्रात काय करते?" असं कुणी विचारलं की म्हणतात, "ज्यांच्या नळाला बारा महिने पाणी, त्यांना काय कळणार पाण्याची किंमत!"

बिल्डिंगमध्ये कुणाला ताप आला की ताईंचा धसका. बरं वाटलं म्हणून माझ्या सासूबाईंनी एकदा अँटिबायोटिकच्या उरलेल्या गोळ्या बेसिनमध्ये टाकल्या. ते कळल्यावर ताई दारातच कडाडल्या, "आजी, तुमची गोळी गटारात, गटार खाडीत, खाडी समुद्रात! तिथले जंतू ती पचवायला शिकतात आणि बसतात माझ्या आक्काच्या छातीत!"

"कुणाची गं आक्का?" सासूबाई घाबरून मला म्हणाल्या. "आजारी आहे का बिचारी?"

आक्का खरंच आजारी होती. पाठीवरच्या पंखाला खाच असलेली ती म्हातारी मादी ताईंना वर्षानुवर्षं गोराईच्या पुढे दिसायची. त्या हिवाळ्यात तिच्या पाठीवर जखमा दिसल्या. बरगड्या दिसतील इतकी ती वाळली होती. बशीत नको तो जंतू वाढला.

"मग औषध द्या ना," मी म्हटलं.

"रानातल्या जनावराला औषध कसं देणार, नीता? आणि दिलं तरी पाणी तेच. घाणीत राहून अंगातली फौज थकते गं. मग साधा जंतूही डोईजड होतो. आपण बघायचं आणि ज्यांनी पाणी साफ करायचं त्यांच्या डोक्यावर बसायचं."

आणि त्या खरंच बसत. सांडपाण्याच्या बैठकांना इतक्या चिकाटीनं जात, की साहेब लोक त्यांना बघून चहा मागवायचे. आता लवकर सुटका नाही हे त्यांना कळलेलं असे.

मग आक्का दिसेनाशी झाली. त्यात एका सकाळी गावड्यांनी ग्रुपवर टाकलं, 'गोराईला डॉल्फिन मरून लागलाय.' ताई घरच्या चपलांवरच निघाल्या. मीही मागोमाग गेले. किनाऱ्यावर लोक सेल्फी काढत होते. "हटा सगळे! मयताला आलाय की पिकनिकला?" ताईंच्या एका आवाजात वाट मोकळी झाली. त्या वाळूत गुडघे टेकून बसल्या आणि पंख पाहिला. खाच नव्हती.

"आक्का नाही," त्या म्हणाल्या.

"सुटलो बाई!" माझ्या तोंडून गेलं.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "हीसुद्धा कुणीतरी होती ना गं. हिचं नाव ठेवायचंच राहिलं." मग हातमोजे चढवून त्या वनखात्याच्या माणसांबरोबर कामाला लागल्या.

उन्हाळा लागता लागता एका दुपारी माझी बेल वाजली. ताई, रापलेल्या, हातात पेढ्यांचा बॉक्स. "आक्का दिसली! जखमा भरल्यात. अंग कसलं धरलंय, झकास!" मुलगी बोर्डात आल्यासारख्या त्या घरोघरी पेढे वाटत फिरल्या. गावड्यांनी नोटीस बोर्डावर खडूनं लिहिलं, 'आपल्या बिल्डिंगच्या आक्का बऱ्या झाल्या. अभिनंदन.' पलीकडच्या सोसायटीतले लोक ते वाचायला येत आणि आमचा वॉचमन छाती काढून त्यांना सगळी हकीकत सांगे. सासूबाईंनी तर देवापुढे साखर ठेवली.

संध्याकाळी चहा पिताना मी विचारलं, "पण औषधाशिवाय बरी झालीच कशी?"

"फौज टिकली तिची. आणि एकटी नव्हती ना ती," ताई म्हणाल्या. "होडीवाला सांगत होता, मधल्या काळात ती त्याला लांबवर दिसली होती. दोघी जणी तिच्या दोन्ही बाजूंना. ती वर आली की त्याही वर. पुढं म्हणून गेल्या नाहीत." त्यांनी कप खाली ठेवला. "डेंग्यूत मला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलवत नव्हता."

"डेंग्यू? तुम्हाला? कधी?"

"गणपतीत. तुम्ही सगळे गावाला गेला होता. होतं गं, त्यात काय एवढं."

मी हात पुढे केला. "चावी द्या. तुमच्या घराची. जादाची असेल ना?"

"कशाला उगाच?" म्हणत त्या आत गेल्या. बराच वेळ खणांचे आवाज येत राहिले. बाहेर आल्या तेव्हा हातात दोन चाव्या होत्या, दुकानातून कुलूप आणलं तेव्हाच्या, बारीक तारेत एकत्र अडकवलेल्या. तार कधी उघडलीच नव्हती. होडीत उभं राहून समुद्रावर बशी धरणारे ते हात, पण त्यांना तो पीळ काही सुटेना.

मग मीच सोडवला.