पाठपोट आढावा

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी मेधाने आजोबांसमोर कोरा कागद ठेवला. "आजोबा, आता इयर-एंड रिव्ह्यू. बिझनेस छोटा असो की मोठा, रिव्ह्यू होनाच!"

श्रीनिवासराव दचकले. नल्लकुंट्यातल्या आपल्या पुढच्या खोलीला कुणी बिझनेस म्हणेल असे त्यांना कधी वाटले नव्हते. कॉलेजातली ग्रंथपालाची नोकरी संपल्यावर ते हैदराबादेतल्या मराठी घरांसाठी वधू-वर सूचक मंडळ चालवत होते. मंडळ म्हणजे एक कपाट, तीन वह्या आणि मेधाने मोबाइलवर केलेला दोनशे घरांचा ग्रुप.

"यंदा किती लग्नं जमली?"

"तीन." वही उघडून ते म्हणाले, "त्यातल्या एका जोडप्याचं आधीच जमलं होतं. आपण फक्त आईवडिलांना धीर दिला."

"म्हणजे दोन."

"दुसऱ्या लग्नातली मुलगी मुलाच्या अंबरपेठच्या मावशीनं दाखवलेली."

"क्या आजोबा!"

"म्हणून म्हणतो, आढावा नको."

पण व्यवस्थापन शिकणारी नात ऐकते थोडीच? तिने दोन कामे नेमून दिली. ग्रुपसाठी नव्या वर्षाच्या शुभेच्छा, आणि यंदा काय चुकले, पुढे काय करायचे याचा आढावा. "आढावा आपल्या दोघांतच. पण एकदम खरं लिहा."

खरे बोलायचे म्हटले की श्रीनिवासराव विषय बदलत. लिहायचे म्हटले की हात सुटे. शुभेच्छा चार ओळींत संपल्या. इतक्या चांगल्या कागदाची मागची बाजू कोरी सोडणे त्यांच्या जिवावर आले. आढावा त्यांनी तिथेच, त्याच बारीक अक्षरात लिहिला, कागद मेधाच्या टेबलावर ठेवला आणि ते आंघोळीला गेले.

मेधा मराठी भराभर बोले, वाचताना मात्र अक्षराला अक्षर लावी, आणि हाताने लिहिलेले असेल तर तेही नाही. आजोबांनी दोन्ही बाजू भरून शुभेच्छा दिल्या याचे तिला कौतुक वाटले. आढावा अजून व्हायचा असेल असे समजून तिने दोन्ही बाजूंचे फोटो ग्रुपवर टाकले.

पाच मिनिटांत बारा जणांनी न वाचताच 'आपणांसही' असे उत्तर दिले. मग कुणीतरी वाचले.

श्रीनिवासराव टॉवेलने डोके पुसत बाहेर आले, तेव्हा मेधा रडवेली होऊन उभी होती. तिने फोटो पुसून टाकले होते. पण तारनाक्याच्या इंदुताई पडल्या निवृत्त शिक्षिका. ग्रुपमधल्या मुलांना वाचता येत नाही म्हणून त्यांनी तोवर सगळा मजकूर मोठ्याने वाचून आपल्या आवाजात पाठवलाही होता.

"कुसुमताईंना मकरंदसाठी बायको नको आहे," इंदुताईंचा खणखणीत आवाज घरभर घुमला, "त्यांना स्वतःचे बोलणे ऐकायला एक नवे माणूस हवे आहे. विकासची उंची बुटांसकट आहे. हे ठाऊक असून मी तीन घरी गप्प बसलो. पुढील वर्षाची उद्दिष्टे. एक, खरे बोलणे. दोन, ते न जमल्यास मंडळ बंद करणे."

"पंचेचाळीस वर्षांत माझ्याशी एवढं बोलला नाहीत कधी," त्यांच्या पत्नी सुनीताबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

पहिला फोन मकरंदच्या आई कुसुमताईंचा. त्या चाळीस मिनिटे बोलल्या. श्रीनिवासराव तीनदा 'हो' म्हणाले. मग त्या एकदम थांबल्या. "मी कधीपासून बोलतेय हो?"

"साडेअकरापासून."

"बरं," त्यांचा आवाज उतरला. "मकरंदला विचारते, त्याला कशी हवी ते. ऐकून तरी घेते."

मग विकास. "काका, सुटलो बघा! मुलीच्या दारात बूट काढायला लागायचे, अन् उंची तिथंच राहायची. यापुढं पाच सातच लिहा."

मंदारचे वडील मात्र भडकले होते. "आमच्याबद्दल एक ओळ नाही? दोन वर्षं पोरगा तुमच्या यादीत आहे, त्याच्यात तुम्हाला काहीच दिसलं नाही?"

श्रीनिवासरावांचे लक्ष यातल्या कशातच नव्हते. आढाव्याचा शेवटचा परिच्छेद अनुराधाबद्दल होता. 'तिच्यासाठी आलेली पाच स्थळे मी तिला कळवलीच नाहीत. एकही तिच्या तोलाचे वाटले नाही. हा अधिकार मला कुणी दिला, कोण जाणे.'

अनुराधा शाळेत गणित शिकवायची. वय अडतीस, आईवडील नाहीत. दर पंधरवड्याला येऊन ती सहज विचारल्यासारखे विचारी, "काही आलं का, काका?" ते नकारार्थी मान हलवत. "बरं," म्हणून ती कपाटातले एखादे पुस्तक घेऊन जाई. ते 'बरं' त्यांना वर्षभर टोचत होते.

चार वाजता बेल वाजली. दारात अनुराधा. चपला तिने काढल्या नाहीत.

"तू... ऐकलंस?"

"वाचलं. मला येतं वाचता."

श्रीनिवासरावांनी खुर्ची पुढे केली.

"मला वाटायचं, मला कुणी विचारतच नाही," ती म्हणाली. "इथून घरी गेले की आरशासमोर उभी राहायचे. म्हटलं, असं काय कमी आहे माझ्यात?"

सुनीताबाईंनी पाणी आणून ठेवले आणि नवऱ्याकडे न बघता त्या आत गेल्या.

"चुकलं माझं," श्रीनिवासराव म्हणाले. आवाज इतका बारीक की त्यांनी ते पुन्हा म्हटले. "चुकलं गं."

अनुराधाने ग्लास उचलून पाणी संपवले. मग तिने चपला काढल्या. "कुठं आहेत ती पाच?"

त्यांनी कपाटाच्या तळातून पाकीट काढून दिले. पहिल्याने फोटोत गाडी पूर्ण आणि स्वतः अर्धाच घेतला होता. दुसऱ्याच्या घरची 'मुलीने नोकरी सोडावी असा आग्रह नाही, फक्त इच्छा' होती. तिसऱ्याच्या आईने स्वयंपाकाची परीक्षा ठेवली होती, विषयांसकट. चौथ्याने आधीच्या सात मुली का नाकारल्या ते सविस्तर जोडले होते. एकेक कागद अनुराधाने पालथा ठेवला. चौथ्याला तिच्या ओठांचा कोपरा हलला.

"आणि हा पाचवा का अडवलात?"

"छंद बघ ना. 'खास काही नाही. रविवारी दुपारी झोपतो.' बस, एवढंच! तू एवढी वाचणारी मुलगी..."

तिने तो कागद पुन्हा वरपासून वाचला.

"चार बरोबर अडवलेत, काका. याचं अजून जमलं नाही ना कुठं?"

"नाही. परवाच त्याच्या बहिणीनं विचारलं."

"नंबर सांगा."

नंबर वहीत होता. वाचून दाखवताना श्रीनिवासराव दोनदा चुकले. तिसऱ्यांदा बरोबर आला, आणि लगेच ते घाबरून म्हणाले, "पण आज रविवार. आत्ता झोपला असेल गं तो."

"मग पाच वाजेपर्यंत बसते," अनुराधा म्हणाली आणि तिने खुर्ची घड्याळाकडे वळवली.