वाटाण्याचे शेंडे

शेतकी साहेब आज वाटाणा पाहायला येणार होते आणि जानरावांच्या वाटाण्याला शेंडाच उरला नव्हता. केनवडात आजवर वाटाणा कुणी पेरला नव्हता. साहेबांनी नमुन्याचं बी आणलं, तेव्हा चुलतभाऊ जगदेवनं हात पुढे केला होता. जानरावांनी मोठ्या तोऱ्यात त्याला मागं सारलं. वाफा दाखवण्याजोगा नसला तर पुढचं बी जगदेवला, असं साहेब चावडीवर सर्वांदेखत बोलले होते.

"कोनं खुडलं वं हे?" जानराव घरात शिरत ओरडले.

"म्या," चुलीपुढून त्यांची बायको गोजराबाई म्हणाल्या. "हरबरा खुडतो तसाच खुडला. शेंडा खुडल्याबिगर फांद्या फुटतेत काय? अन् आता कायले बोंबलून राह्यले? काल त मांगू मांगू खाल्ली भाजी!"

जानरावांच्या तोंडचं पाणी पळालं. भाजी खरंच झकास झाली होती, हे आणखी वाईट.

तेवढ्यात जीप आली. मागोमाग जगदेवही आला. त्याला बोलावणं लागत नसे. वाफ्याची वेळ टळावी म्हणून जानरावांनी साहेबांना आधी जेवायलाच बसवलं. घरात दुसरं काही नव्हतं, म्हणून गोजराबाईंनी टोपलीत उरलेला कालचा पालाच फोडणीला टाकला. साहेबांनी घास घेतला आणि भाजीतला वेलीचा वळलेला धागा चिमटीत धरून वर उचलला.

"हे काय आहे?"

जगदेव गालातल्या गालात हसत होता.

"तुमचाच वाटाना हाय," गोजराबाईंनी सांगून टाकलं.

साहेबांनी ताट पुढे केलं.

"आणखी वाढा. पाला इतका गोड लागतो, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही! जानराव, पुढचं बी तुमचंच. उद्या मोठे साहेब येताहेत, त्यांनाही हीच भाजी करा."

जगदेवचं तोंड एवढंसं झालं. जीप वळते न वळते तोच जानराव टोपली घेऊन वाफ्यात वाकले. खुडलेल्या जागेखाली पानांच्या बेचक्यातली कोवळी फूट तेवढी उरली होती. त्यांनी तिला हात घातला.

"खबरदार!" गोजराबाई धुऱ्याच्या बांधावरून कडाडल्या. "फांद्या धरू द्या त्याले. मले शेंगा पाहाच्या हायेत."

"अवं, पन मोठे सायेब..."

"त्यायले हरबऱ्याची वाढीन. ह्या सायबाले तरी सांगतल्याबिगर कुठं समजलं?"

पण औंदा हरभऱ्याच्या जागेवर जानरावांनी वाटाणा लावला होता. शेजारी हरभरा होता तो जगदेवचा. रिकामी टोपली काखेत मारून जानराव खाली मान घालून तिकडे निघाले.