पिठाचा ड्रॅगन

ड्रॅगन गटारात पडला तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते, आणि त्याला मारायला तिघंजण सात वर्षांनी एकत्र आले होते.

टाकला कुणी, हा प्रश्नच नव्हता. दोन वर्षांचा सन्मती गॅलरीच्या गजांतून हात बाहेर काढून अजून टाटा करत होता. खाली निपाणीच्या त्या गल्लीतलं गटार भाद्रपदातल्या पावसानं भरून वाहत होतं, आणि हिरवा प्लास्टिकचा ड्रॅगन उताणा पडून कोपऱ्यावरच्या तंबाखूच्या वखारीकडं निघाला होता.

"गेला बे," स्वरूप म्हणाला. "बेळगावपास्नं जॅकेटात घालून आणलंतो त्याला."

"मारायचाच होता की," ऋतिका म्हणाली. "बुडून मेला म्हणूया. मला साडेसातची बस गाठायची हाय."

"असं चालत न्हाय," त्रिशला म्हणाली. ती सन्मतीची आई. तिचा आवाज जरा जास्तच चढला, तशी तिनं पोराला उचलून कडेवर घेतलं आणि हळू म्हणाली, "सात वर्षं थांबलेय गं मी ह्याच्यासाठी."

बेळगावात इंजिनिअरिंगला असताना या तिघांना त्या खेळाचं वेड लागलं होतं. खेळ तसा सोपा. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. पुढं दार आलं तर उघडायचं की पळायचं ते आपण ठरवायचं, आणि जमलं की नाही ते वीस बाजूंच्या फाशानं. गोष्ट सांगणारा कायम स्वरूप. ऋतिका जादूगारीण. त्रिशला म्हणजे वीरा, तलवारवाली. मेसची डाळ, जर्नलं, सबमिशन या सगळ्यांतून तिघं रोज दोन तास दुसऱ्याच राज्यात असायची.

शेवटच्या वर्षी वीरा ड्रॅगनच्या गुहेत शिरली. तलवार उपसली. आणि त्याच आठवड्यात त्रिशलाला घरून बोलावणं आलं. स्थळ पक्कं झालं होतं. ती कुणालाच काही न सांगता गेली. सांगितलं असतं तर रडू आलं असतं, एवढंच कारण. मित्रांना थेट पत्रिका मिळाली. वीरा मात्र सात वर्षं तशीच उभी होती, हात वर करून.

आता स्वरूपची बेळगावच्या उद्यमबागेतली नोकरी सुटून दूर तमिळनाडूत होसूरला नवी लागली होती. बुधवारी तो जाणार. ऋतिका खानापूरच्या तालुका कचेरीत. आजचा रविवार हुकला तर पुन्हा जमणं कठीण, हे तिघांनाही माहीत होतं.

त्रिशलानं जुन्या जर्नलचं मागचं पान जपून ठेवलं होतं. त्यावर स्वरूपच्या अक्षरात मथळा होता: 'खेळणाऱ्यानं जन्मात एकदा तरी करायच्या गोष्टी.' जांबोटीच्या जंगलात ताडपत्रीखाली बसून खेळणे. यावर टिक होती, आणि शेजारी जळवांची संख्या. आपलं माणूस मेलं म्हणून खरोखर रडणे. टिक, ऋतिका दोन दिवस जेवली नव्हती. परीक्षेच्या आदल्या दिवशी खेळणे. टिक, आणि त्या विषयाचे मार्क खोडलेले. दोनच गोष्टी उरल्या होत्या: कधीच न खेळलेल्या माणसाला खेळात बसवणे, आणि एक गोष्ट शेवटपर्यंत नेणे.

"थांबा," त्रिशला म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

संध्याकाळच्या चपात्यांची कणीक मळून झाकून ठेवली होती. तिनं तिला हळद लावली, शेपटी ओढली, पंख थापले, पाठीवर काट्याचमच्यानं खवले काढले. दोन मिऱ्यांचे डोळे बसवले. सन्मतीसाठी रोज पिठाच्या चिमण्या करून हात तयार झाला होता. पाच मिनिटांत ताटात असा ड्रॅगन बसला की स्वरूपनं मोबाइल काढून आधी फोटो घेतला.

"जुन्यापेक्षा ह्योच भारी."

"चला, वीरा तलवार उगारून उभी हाय," ऋतिका म्हणाली. "मार गं एकदाचा!"

त्रिशलानं फासा हातात घेतला. आणि दारातून आवाज आला, "कुणाला मारायलाइस?"

दारात तिची सासू, धोंडूबाई, उभी होती. जैनांचं दशलक्षण पर्व चालू होतं. बस्तीतून, म्हणजे जैन देवळातून, शास्त्र ऐकून ती नुकतीच आली होती. पांढरं लुगडं, हातात तांदळाची रिकामी डबी.

"कुणाला न्हाय आत्या. खेळ हाय. ह्यो पिठाचा—"

धोंडूबाईनं ताटात बघितलं. मग डबी खाली ठेवली.

"घोरपड?"

"ड्रॅगन, काकू," स्वरूप म्हणाला. "आग वकतोय."

"वकू दे. डोळं कुणी लावलं ह्येला?"

"मी," त्रिशला म्हणाली.

"अय्यो! आताच बस्तीत ऐकून आलोय बघ. राजानं पिठाचा कोंबडा कापला. पिठाचाच! पर मनात जीव म्हणून कापला, तर किती जल्म जनावरात काढावं लागलं त्येला. आन् तू पर्वात, माझ्या घरात, डोळं लावून मारायलाइस?"

या मुद्द्याला खेळाच्या नियमांच्या पुस्तकात उत्तर नव्हतं.

"बरं, मारत न्हाय," ऋतिका म्हणाली. "डब्यात घालून ठेवूया तसाच."

"मळलेली कणीक रात्रभर ठेवतेत व्हय? जीव हुतेत त्यात. दिवस मावळायच्या आत संपली पायजे."

"मग मोडून चपात्या लाटते," त्रिशला म्हणाली.

"मोडून! म्हंजे कापलंच की गं."

"गाईला घालूया?" स्वरूपनं विचारलं.

"आन् पाप गाईच्या माथी मारायचं? शिकलास म्हणं तू."

म्हणजे ड्रॅगन मारायचा नव्हता, ठेवायचा नव्हता, मोडायचा नव्हता, आणि घरात दुसरं पीठ नव्हतं. गिरणीवाला रविवारी बंद. साडेसहाला दिवस मावळणार, त्याआधी सगळ्यांची जेवणं उरकायची, हा या घरचा नियम. साडेचार वाजून गेले होते. सन्मती मधूनमधून ताटाकडं सरकत होता आणि धोंडूबाई त्याला मागं ओढत होती, ड्रॅगनच्या काळजीनं.

"ह्यो असा का झालाय?" तिनं एकाएकी विचारलं.

"कोण?"

"ह्योच की. आग कशापायी वकतोय?"

स्वरूपनं त्रिशलाकडं बघितलं. सात वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. "काकू, तो... पैला राजा होता. शाप हाय त्याला."

"मग आधी सांगायचं न्हाय?" धोंडूबाई पदर सावरून चटईवर बसली. "शापाला उतारा असतोय. त्येला आपणहून रूप सोडाय सांगा. त्येनं सोडलं की मागं उरली ती नुसती कणीक. मग लाटा."

ऋतिकानं जर्नलचं पान ओढलं आणि 'न खेळलेल्या माणसाला बसवणे' यापुढं टिक केली.

"व्हय काकू, पण त्याला पटवाय पायजे," स्वरूपच्या डोळ्यांत जुनी चमक आली. "फाशावर वीस पडलं तरच. घ्या, टाका."

"फासा मी शिवणार न्हाय. सात व्यसनातलं पैलं व्यसन त्ये, जुगार."

"मग ठरवायचं कसं?"

"तू कोण हाइस खेळात?"

"मी... सगळंच. ड्रॅगनबी मीच."

"मग तुला पटलं का न्हाय त्ये तूच सांग की रं. त्या ठोकळ्याला काय इचारतोस?"

स्वरूप कधी फाशाशिवाय खेळला नव्हता. त्यानं घसा साफ केला. ड्रॅगनचा तो जुना घोगरा आवाज आला, होस्टेलच्या व्हरांड्यात घुमायचा तसाच. "कोण आलंय माझ्या गुहेत?"

सन्मती घाबरून आजीच्या मांडीत शिरला. धोंडूबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "आम्ही आलोय बाबा. जेवलास काय?"

"सात वर्षं जेवलो न्हाय," ड्रॅगन म्हणाला. "ही पोरगी तलवार उगारून गेली, ती परत आलीच न्हाय. जाताना एक शब्द बोलली न्हाय."

स्वरूपला आपण काय बोललो ते बोलल्यावर कळलं. तो ताटाकडं बघत राहिला.

"मग तू आधी क्षमा माग गं," धोंडूबाई सुनेला म्हणाली, नेहमीच्याच आवाजात, दूध उतू जातंय बघ म्हणावं तशी. "पर्व कशापायी असतंय?"

त्रिशलानं फासा खाली ठेवला. ड्रॅगनच्या मिऱ्यांच्या डोळ्यांकडं बघणं सोपं होतं, म्हणून ती तिथं बघून बोलली. "चुकलं माझं. सांगून जायला पायजे होतं. तोंड न्हवतं मला. रोज वाटायचं, तुम्ही तिथंच बसलाय, पान उघडून." मग म्हणाली, "तलवार टाकली मी. क्षमा करा."

क्षमा करा, असं ड्रॅगनला कुणी म्हणत नाही. ऋतिका ओढणीनं चष्मा पुसत होती. तिचा चष्मा स्वच्छ होता.

"पटलं," स्वरूप म्हणाला. आवाज ड्रॅगनचा काढायला तो विसरला.

सहा वाजता चपात्या झाल्या, हळदीच्या, जरा पिवळ्या. मिरी वेचून वेगळी ठेवली होती. दुकानातून आलेला कुंथुनाथ, त्रिशलाचा नवरा, चौथी चपाती घेताना म्हणाला, "आज लई मऊ झाल्यात," आणि सगळे एवढे का हसले ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. धोंडूबाईचं एकाशन होतं, दिवसातलं एकच जेवण ती दुपारीच जेवली होती. पण दारात बसून कुणी किती खाल्लं यावर तिचं लक्ष होतं.

बाहेर अजून उजेड होता. ऋतिकानं जर्नलचं पान काढलं. "एक गोष्ट शेवटपर्यंत नेणे," तिनं वाचलं आणि सावकाश टिक केली. त्रिशला त्या टिकेकडं बघत होती. इतकी वर्षं तीच हवी होती, आणि आता झाली तर नकोशी वाटत होती.

"हे काय रं?" धोंडूबाई सन्मतीची मूठ उघडत होती. मुठीत कणकेचा लहानसा गोळा होता, हळदीचा, लांबट. शेपटीचं टोक केव्हा गेलं होतं कुणास ठाऊक. तिनं तो तळहातावर घेऊन उजेडात धरला, उलटासुलटा बघितला.

"अंडं घालून गेलाय जणू," ती गंभीरपणे म्हणाली. मग स्वरूपकडं वळली. "तुझी गाडी कधी?"

"बुधवारी, काकू."

"मग मंगळवारी या दोघं. दिवस मावळायच्या आत." आणि सुनेला म्हणाली, "ह्येला आताच तव्याखालच्या निखाऱ्यावर... न्हाय, नको. चुलीजवळ ठेव. पाणी तेवढं आटू दे, मग जीव हुईत न्हाईत. डोळं मात्र लावू नको."

ऋतिकानं पेन पुन्हा उघडलं आणि शेवटची टिक खोडली.